वीतभर श्वास

गाणं ऐकताना तुम्ही कधी गाणारीचा श्वास ऐकलाय का? सूर नाही, शब्दही नाही. एक ओळ संपून दुसरी सुरू व्हायच्या आधी ती हवा आत ओढते, त्याचा आवाज.

ऐकला नसेल तर त्यात तुमच्या कानाचा दोष नाही. तो आवाज तुमच्यापर्यंत पोचू नये म्हणून कुणीतरी दिवसदिवस खपलेलं असतं. ही गोष्ट अशाच एका खपणाऱ्या बाईची आहे. दोघी बहिणी होत्या. धाकटी गायची आणि थोरली तिचे श्वास कापायची.

ही गोष्ट गाणी फितीवर भरली जायची तेव्हाची. करंगळीच्या नखाएवढी रुंद, तपकिरी फीत. गाणं वाजताना एका सेकंदात हातभर फीत यंत्रातून सरकते, म्हणजे एक श्वास साधारण वीतभर भरतो. थोरली रीळ हाताने मागेपुढे फिरवायची. श्वासाची जागा आली की फितीतून घुर्रर्र असा आवाज येतो. तिथे ती पिवळ्या पेन्सिलीने दोन खुणा करायची, पितळी कात्रीने तिरका काप द्यायची आणि उरलेली टोकं पांढऱ्या चिकटपट्टीने जोडायची. कात्री पितळीच लागते. लोखंडी चालवली तर जोडावर 'टक्' वाजतं. थोरलीच्या जोडावर अठरा वर्षांत एकदाही टक् वाजलं नव्हतं.

स्टुडिओच्या मालकांना गाणं काचेसारखं लागायचं. श्वास आला की गाणारी माणूस वाटते म्हणायचे, आणि लोक माणसासाठी पैसे मोजत नाहीत. थोरलीने कधी वाद घातला नाही.

कापलेला तुकडा खरं तर खालच्या टोपलीत टाकायचा. बाकी गायकांचे ती टाकायचीच. धाकटीचे मात्र ती एकाला एक जोडून एका वेगळ्या रिळावर गुंडाळून ठेवायची. ते रीळ बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, टेबलाच्या खालच्या खणात असायचं. का ठेवते, हे तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं. गाणं जगाचं झालं, एवढं तरी माझ्याकडे राहू दे, असं काहीतरी मनात असावं. ते रीळ तिने कधी वाजवलं मात्र नव्हतं.

लहानपणी दोघी एकाच बाईंकडे गाणं शिकल्या. थोरली चौदा वर्षांची होती, धाकटी दहाची. वर्षाच्या शेवटी बाईंनी दोघींकडून एकच गाणं म्हणवून घेतलं. थोरली गायली. एक सूर हलला नाही की एक शब्द निसटला नाही. बाई म्हणाल्या, "तुझं सगळं बरोबर आहे गं." मग धाकटी गायली. ती दोनदा चुकली, एक ओळ तर विसरलीच. बाईंनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ पदराने पुसत बसल्या.

त्या दिवशी घरी येऊन थोरलीने आईला सांगितलं की परीक्षा जवळ आलीय, मी आता गाणं बंद करते. आईने बरं म्हटलं. एकदासुद्धा 'का' विचारलं नाही, आणि ते थोरलीच्या पोटात कायमचं राहून गेलं.

धाकटी पुढे मोठी झाली. तिच्या आवाजात असं काय होतं ते कुणालाच नीट सांगता यायचं नाही. नऊ वर्षं भावाशी न बोललेला एक माणूस तिच्या गाण्यातून अर्ध्यावर उठला आणि सरळ भावाच्या दारात जाऊन उभा राहिला. एका ड्रायव्हरने रेडिओवर तिचं गाणं लागलं म्हणून भर रस्त्यात गाडी थांबवली, मागे भोंगे वाजत राहिले तरी तो स्टेअरिंगवर डोकं टेकून बसला होता. लोक हे किस्से थोरलीला कौतुकाने सांगायचे. तिचीच बहीण ना तुम्ही? केवढं भाग्य. थोरली हसायची. लाकूड जळलं की धूर दिसतो, माणूस जळलं तर तेवढाही दिसत नाही.

धाकटी वाईट असती तर बरं झालं असतं. पण ती लोण्यासारखी मऊ. प्रत्येक मुलाखतीत म्हणायची की खरं गाणं ताईचं, मी नुसती आवाज काढते. ते वाचलं की थोरलीचं जेवणावरून मन उडायचं.

आणि लेक. थोरलीची एकुलती एक लेक तान्ही असताना आईच्या अंगाईने कधी झोपली नाही. मावशीची कॅसेट लावली की पाचव्या मिनिटाला डोळे मिटायची. बोलायला लागल्यावर तर तिने स्पष्टच सांगितलं होतं, "आई, तू नको म्हणू. मावशीला लाव."

एकदा धाकटी सहज म्हणून थोरलीच्या खोलीत आली होती. ताई, मला पण कापू दे की, म्हणून हट्ट धरून बसली. ती डावखुरी. पितळी कात्री डाव्या हातात धरून तिने टाकाऊ फितीचा एक तुकडा कापला, तर काप उलट्या बाजूला तिरका गेला. थोरली म्हणाली, "तुझं सगळंच उलटं. हा जोड माझ्या जोडात बसायचा नाही."

"मग मी माझं वेगळं रीळ करीन," धाकटी म्हणाली, आणि दोघी हसल्या होत्या. थोरली मनापासून हसली होती असं ते शेवटचंच.

गेल्या वर्षीपासून धाकटीला दम लागायला लागला. सुरुवात झाली स्टुडिओच्या जिन्यावर. बारा पायऱ्यांचा जिना, पण पाचव्या पायरीवर ती कठड्याला धरून थांबली. मग हळूहळू बोलतानाही थांबायला लागली. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढले. फुप्फुसं चांगली आहेत म्हणाले. सगळं बरोबर आहे. फक्त श्वास पुरत नाही.

त्याही अवस्थेत तिने एक शेवटचं गाणं भरलं. स्टुलावर बसून, तुकड्यातुकड्याने. नऊ ठिकाणी तिला श्वास घ्यावा लागला आणि नऊही श्वास मोठे, ओढून घेतल्यासारखे होते. गाणं झाल्यावर तिने थोरलीचा हात धरला.

"ताई, या गाण्यातले माझे श्वास काढू नकोस. मालकांना मी सांगितलंय."

"नाही काढत."

"इतकी वर्षं काढतेस ना... मला कधीकधी वाटतं, तेच कमी पडतायत." आणि ती स्वतःच्याच बोलण्याला हसली.

थोरलीही हसली. पण तिच्या मनात पाल चुकचुकली. खालच्या खणातला डबा तिच्या डोळ्यांपुढे आला. ते रीळ आता चांगलं तळहाताएवढं जाड झालं होतं.

गाणं मालकांना द्यायच्या आदल्या दिवशी स्टुडिओला सुट्टी होती. दुपारी तीनच्या सुमाराला थोरली एकटीच आली. दोन-तीन जोड तपासायचे, रिळावर नाव लिहायचं आणि परतताना धाकटीकडे जायचं, एवढंच काम होतं. लेक सकाळपासून मावशीच्या उशाशीच होती. बाहेर रणरणतं ऊन होतं, पण थोरलीच्या कामाच्या खोलीला खिडकी नव्हती. दार लोटलं की आत दुपार आणि मध्यरात्र सारखीच. भिंतींना जाड कापूस आणि त्यावर कापड. त्या कापडाला जुन्या धुळीचा आणि तापलेल्या यंत्राचा वास यायचा. समोर मोठी काच, काचेपलीकडे गाणाऱ्यांची खोली. तिथे अंधारात एक स्टूल आणि एक माइक होता.

तिने गाणं लावलं. दारावरचा म्हातारा पहारेकरी चहा घेऊन आला आणि कप तसाच हातात धरून उभा राहिला. गाणं संपलं तेव्हा त्याच्या दाढीतून पाणी ओघळत होतं. चहा निवला होता.

"बाई, आज बहिणीनं काळीज काढून हातात दिलं तुमच्या," तो म्हणाला. अठरा वर्षं तो रोज चहा देत होता. थोरलीलाही गाता येतं, हे त्याला माहीत नव्हतं.

तो गेल्यावर फोन वाजला. लेक होती. मावशी आज उठून बसली, थोडी पेजही प्यायली, असं तिने आनंदाने सांगितलं. आई, तू सावकाश ये, घाई करू नकोस, मी आहे इथे. मग म्हणाली, "आई, मावशीनं मला ती शेवटची ओळ शिकवली. मी म्हटली तर ती रडलीच. म्हणाली, पोरीचा गळा माझ्यावर गेलाय."

थोरली बरं म्हणाली. फोन जागेवर ठेवला.

नऊ महिने पोटात वाढवलं ते कुणी? आणि गळा गेला कुणावर?

तिने कात्री उचलली.

पहिला श्वास कापण्याआधी तिने खुणा दोनदा तपासल्या. दुसऱ्याला एकदाही नाही. तुकडे ती नेहमीप्रमाणे डब्यातल्या रिळाला जोडत गेली. तिसरा जोडून तिने मान वर केली आणि तिला टेबलावरचा काटा हलताना दिसला.

काचेपलीकडच्या माइकमध्ये आवाज झाला की हा काटा हलतो. माइक सुरू राहिला असेल, तिने मनाशी म्हटलं. पण खोली तर रिकामी होती. काटा हळूहळू वर चढायचा, थबकायचा आणि एकदम खाली पडायचा. पुन्हा चढायचा. कुणीतरी हवा आत ओढावी तसा.

तिने काचेला डोळे लावले. स्टूल. माइक. बाकी काही नाही. कर्ण्याचा आवाज वाढवायची कळ वर केली तेव्हा तो आवाज आला. अगदी बारीक. धाकटीचा. हा श्वास थोरलीने हजारदा कापला होता, तो ओळखायला तिला चेहरा लागत नव्हता.

कुणीही असतं तर तिथेच थांबलं असतं. थोरलीने कळ खाली केली आणि चौथा श्वास कापला.

काटा आधीपेक्षा कमी वर चढला.

पाचवा. सहावा. आता तिला पक्कं कळलं होतं, आणि तरी हात थांबत नव्हता. सातवा. आठव्याला काटा नुसता जागच्या जागी थरथरला. उरला शेवटच्या ओळीआधीचा एक श्वास. त्याच्या खुणेवर कात्री टेकवल्यावर मात्र तिला एकदम दहा वर्षांची धाकटी आठवली. रस्ता ओलांडताना ताईचं बोट धरणारी, डाव्या हाताने.

तिने कात्री खाली ठेवली. नाही, सगळे परत जोडते, ती पुटपुटली. हे आठ त्यांच्या जागी आणि डब्यातले बाकी सगळे गाण्याच्या शेवटी. तासाभराचं काम. शब्द दिलाय मी.

तेवढं करून ती उठली असती तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण जोडण्याआधी एकदा, फक्त एकदा, ते रीळ ऐकावं असं तिला वाटलं. इतकी वर्षं जपलंय, आता द्यायचंच आहे, तर कान भरून ऐकून द्यावं.

तिने डब्यातलं रीळ वाजवायच्या यंत्रावर चढवलं. भरायचं यंत्र बंद होतं, ते तिने नीट पाहिलं. मग लांब वायरचा हेडफोन घेऊन ती काचेपलीकडच्या खोलीत गेली आणि धाकटीच्या स्टुलावर, तिच्या माइकसमोर बसली.

कानात श्वास सुरू झाले. एकामागून एक. विशीतले चपळ, तिशीतले भरदार, मग अलीकडचे, ओढलेले. एकही सुटणारा श्वास नाही, कारण सुटणारा श्वास गाणं होऊन बाहेर जातो, तो कापावा लागत नाही. हे नुसते घेतलेले श्वास होते, अठरा वर्षांचे. ऐकता ऐकता थोरलीची छातीही त्यांच्याबरोबर भरायला लागली. ती भरतच गेली. आपल्या छातीत एवढी जागा आहे हे तिला कधी माहीत नव्हतं.

आणि तिने तोंड उघडलं.

ती शेवटची ओळ होती. लेकीला मावशीने शिकवलेली. थोरलीच्या गळ्यातून ती निघाली तेव्हा तिच्या स्वतःच्याच अंगावर काटा आला. सूर बरोबर होता की चूक, याकडे तिचं लक्षच गेलं नाही. कुठेतरी कप फुटल्याचा आवाज झाला. दाराच्या फटीत म्हातारा उभा होता. त्याने दोन्ही हात छातीशी धरले होते.

"बाई... आत कोण गायलं?"

"मी," थोरली म्हणाली.

"तुम्ही..." तो तिथेच उंबऱ्यावर बसला आणि हमसून हमसून रडायला लागला.

आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासाठी कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी आलं होतं. चौदा वर्षांच्या मुलीसारखं तिला झालं. तिने गाणं पहिल्यापासून धरलं. दुसऱ्या कडव्याला बाहेरच्या खोलीत फोन वाजायला लागला. तिला तो ऐकू आला. कुणाचा असणार तेही तिला कळलं. फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. पण कानात अजून श्वास उरले होते. ते संपेपर्यंत ती गायली.

रिळाचं टोक सुटून फट् फट् करत फिरायला लागलं तेव्हा ती उठली. टेबलावरचा काटा शून्यावर पडलेला होता. रीळ तसंच यंत्रावर सोडून, रिकाम्या डब्याला झाकण लावून ती बाहेर पडली.

धाकटी चारच्या आसपास गेली होती.

संध्याकाळी घरात माणसं आली, गेली. लेक कोपऱ्यात गुडघे जवळ घेऊन बसली होती. कितीदा फोन केला, तू उचलला का नाहीस, असं ती म्हणालीच नाही. भिंतीकडे बघत एवढंच बोलली.

"मावशी श्वास घेत होती, आई. नुसती घेत होती... सोडतच नव्हती. मी तिला म्हटलं, मावशी, आता सोड... सोड आता... तर ती माझ्याकडे बघून हसली आणि अजून एक घेतला."

थोरलीने तिला जवळ ओढलं. थोपटता थोपटता तिच्या तोंडून नकळत सूर निघाला. लेकीचा हुंदका थांबला. पाचेक मिनिटांत डोळे मिटले. झोपेत ती आईच्या कुशीत सरकली आणि म्हणाली, "मावशी, अजून म्हण."

थोरलीने पुढचं म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लेक उठायच्या आत स्टुडिओत गेली. निदान दिलेला शब्द तरी पाळावा, ते आठ श्वास गाण्यात परत जोडावेत, असं तिने ठरवलं होतं. जिना चढताना पाचव्या पायरीवर तिला कठड्याला धरून थांबावं लागलं. खोलीला कुलूप होतं आणि किल्ली तिच्याच कमरेला होती. रीळ यंत्रावर कालच्यासारखंच होतं. तिने पत्र्याचा डबा उघडला. आत फितीचा एक तुकडा होता, वीतभर, पिवळ्या पेन्सिलीच्या दोन खुणांवर बरोबर कापलेला. तिने तो यंत्राला लावून ऐकला. तो तिचा स्वतःचा श्वास होता, काल शेवटच्या ओळीआधी घेतलेला. मग तिने तो उजेडात धरून पाहिला. त्याची दोन्ही टोकं उलट्या बाजूला तिरकी गेलेली होती.